उत्तरासाठी सोडलेली जागा

खोटे बोलणे म्हणजे काय, हा प्रश्न माझ्यापुरता फार पूर्वीच निकालात निघाला होता. प्राथमिक शाळेत मास्तरांनी धर्मराजाच्या रथाची गोष्ट सांगितली. चार बोटे अधांतरी चालणारा तो रथ एका अर्धवट वाक्यासरशी जमिनीला टेकला, हे ऐकून आम्ही सारी मुले गंभीर झालो आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्ववत खोटे बोलू लागलो. पुढे नोकरी केली, संसार केला. त्यात जेवढे खोटे लागते तेवढे बोललो. त्याविषयी विचार करीत बसण्याची गरज पडली नाही. ती पडली वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, आणि तीही स्पॅनिश भाषेचे धडे घेताना.

गिरगावच्या चाळीत राहणाऱ्या माणसाला या वयात स्पॅनिश कशाला, असे वाचक विचारतील. शेजाऱ्यांनी विचारलेच. कारण साधे आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला गेला आणि तेथेच त्याने लग्न केले. सुनेला इंग्रजी येते. तिच्या आईला येत नाही. विहीणबाईंचे यजमान पूर्वीच वारले होते. त्या एकट्या राहतात, आणि रविवारी मुलगा-सून त्यांच्याकडे जेवायला जातात. लग्नाला आम्ही उभयता गेलो, तेव्हा तीन दिवस मी विहीणबाईंकडे पाहून नुसता हसत राहिलो. माझ्या पत्नीने मात्र पहिल्याच संध्याकाळी त्यांच्याशी सरळ मराठीत बोलावयास सुरुवात केली. ‘तुम्ही बसा हो, मी चिरते कांदा,’ असे म्हणून तिने त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग दोघी तासभर बोलत होत्या. मी मुलाला हळूच विचारले, ‘यांना एकमेकींचे काय कळते आहे?’ तो म्हणाला, ‘बाबा, मध्ये बोलू नका. थांबतील त्या.’

तीन वर्षांपूर्वी पत्नी गेली. त्यानंतर रविवारी फोनच्या पडद्यावर विहीणबाई दिसत; त्या हात हलवीत, मी हात हलवी, आणि मुलगा फोन आपल्याकडे घेई. एका माणसाशी जन्मभराचे नाते जोडावे आणि त्याच्याकडे पाहून रेल्वेच्या खिडकीतल्यासारखा हात हलवावा, हे मला बरे वाटेना. शेवटी मुलानेच फोनमध्ये धडे घालून दिले. पुस्तक नाही, वही नाही. नुसते ऐकावयाचे आणि बोलावयाचे.

या धड्यांची रीत सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिच्यात आहे. कानात एक आवाज येतो. तो एक वाक्य ऐकवतो, त्याचे तुकडे करून शेवटाकडून म्हणवून घेतो, आणि मग विचारतो, ‘तुम्हाला काहीतरी प्यावयाचे आहे, हे कसे सांगाल?’ यानंतर तो थांबतो. ती थोडीशी जागा आपल्या उत्तरासाठी सोडलेली असते. आपण बोलावे, आपले बोलणे संपले की, आणि न संपले तरी, तो आवाज बरोबर उत्तर सांगतो. आपण चुकलो असलो तरी तेच उत्तर, बरोबर असलो तरी तेच, आणि मुळीच बोललो नसलो तरी तेच.

ध्वनिमुद्रित आवाजावरून भाषा शिकण्याची कल्पना काही आजची नव्हे. लंडनला जॅक रोस्टन याने १९०१ साली लिंग्वाफोन ही संस्था काढली, तेव्हा ग्रामोफोनच्या तबकड्याही नव्या होत्या. मेणाच्या नळकांड्यांवर धडे कोरीत. पुढे अमेरिकेतील पॉल पिम्स्लर या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९६७ साली एक लेख लिहून शिकलेला शब्द पुन्हा केव्हा आठवावयास लावावा याचे वेळापत्रकच मांडले. प्रथम पाच सेकंदांनी, मग पंचवीस सेकंदांनी, दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, तासाने, पाच तासांनी. नंतर एक दिवस, पाच दिवस, पंचवीस दिवस, चार महिने, आणि अखेर दोन वर्षांनी. प्रत्येक वेळी शब्द विसरण्याच्या बेतात असतानाच हाक मारावयाची, म्हणजे तो अधिक काळ टिकतो. हे वाचताना मला वाटले, की हे आपल्याकडे कोणीतरी आधीच करून ठेवले आहे. दहावा, बारावा, तेरावा. मग महिन्याच्या महिन्याला, मग सहा महिन्यांनी, मग वर्षश्राद्ध, आणि पुढे वर्षातून एकदा. श्राद्धाच्या या व्यवस्थेत प्रेताच्या गतीचा विचार किती आणि जिवंतांच्या स्मरणशक्तीचा किती, हे शास्त्री सांगतील. पत्नी गेल्यावर पहिले काही दिवस पाच सेकंदांचा हिशेब मला यंत्रावाचून ठाऊक झाला होता. आता अंतरे वाढली आहेत. याचे वाईट वाटावे की नाही, हेही मला नीट ठरवता येत नाही.

हे धडे मोठ्याने म्हणावे लागतात, आणि चाळीत मोठ्याने बोलण्यास एकांत नसतो. सामायिक गॅलरी, मध्ये लाकडी भिंती. मी पहाटे खोलीत बोलू लागलो तेव्हा शेजारच्या काकूंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी दारात उभ्या राहून फार मायेने विचारले, ‘नाना, झोप लागते ना तुम्हाला?’ मी कोणाशी बोलत असेन याविषयी त्यांनी आपल्यापुरता तर्क बांधला होता, हे मला मागाहून उमगले. तेव्हापासून मी साडेपाचला उठून ठाकुरद्वाराहून चर्नी रोडच्या पुलावरून चौपाटीवर जातो. तेथे हल्ली सगळेच एकटे बोलत चालतात. कानात तार असली की कोणी वळून पाहत नाही.

पहिले काही आठवडे मोठ्या आनंदाचे गेले. परक्या भाषेत ओळखीची माणसे भेटू लागली. माझे वडील परळच्या गिरणीत होते. आमच्या घरातला सर्वांत मोठा शब्द ‘पगार’. तो पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला हे वाचून ठाऊक होते, पण स्पॅनिश धड्यात एक बाई उपाहारगृहात बसून ‘पगार’ म्हणाली तेव्हा मी वाळूत थबकलोच. तेथे ते क्रियापद आहे: पैसे देणे, चुकते करणे. आम्ही घेणाऱ्यांनी त्याचे नाम केले. बटाट्याला ते ‘पाताता’ म्हणतात, पावाला ‘पान’. या पानावरून आठवले, की वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यात परागंदा होऊन मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले, तेव्हा त्यांना हीच भाषा शिकावी लागली. दिएगो रिवेरा या चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना पाव वाटताना रंगवले आहे; चित्राचे नावच ‘आपला पाव’. खानखोज्यांच्या कानात तार नव्हती. समोर शेतकरी होते, मका होता, आणि चुकलेला शब्द ऐकून हसणारी तोंडे होती.

आणखी एक गंमत. बायकोला स्पॅनिशमध्ये ‘एस्पोसा’ म्हणतात. आणि याच शब्दाच्या अनेकवचनाचा अर्थ हातकड्या असाही होतो. १९३६ साली ‘लग्नाची बेडी’ लिहिणाऱ्या अत्र्यांना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे.

पण याच शब्दापाशी मी अडलो. एका धड्यात आवाजाने सांगितले, ‘तुमची पत्नी घरी आहे, असे म्हणा.’ मी ते म्हटले. ‘मी एस्पोसा एस्ता एन कासा.’ स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे माझी, ‘कासा’ म्हणजे घर. नंतर त्याने विचारले, तुमची पत्नी काय करू इच्छिते? तिला काहीतरी खावयाचे आहे, असे म्हणा. मी तेही म्हटले. दुसऱ्या दिवशी उजळणीत पुन्हा तेच; तुमची पत्नी कोठे आहे? माझ्या पाठमालेत पहिल्या कित्येक धड्यांत भूतकाळ नाही. तेथे सगळे आहे, सगळ्यांना काहीतरी हवे आहे, आणि कोणीच मेलेले नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी टिळकांच्या पुतळ्यापाशी मी उत्तराच्या जागेत गप्प राहिलो. क्षणभर नुसता समुद्राचा आवाज. मग तो आवाज नेहमीच्या प्रसन्नपणे म्हणाला, ती घरी आहे.

मला राग आला. कोणावर ते कळेना. मी घरी येऊन विचार करू लागलो, की हे चार दिवस मी जे बोललो ते खोटे होते काय?

नव्हते, हे सहज सिद्ध करता येते. रंगभूमीवर नट ‘मी तुझा खून करीन’ म्हणतो, त्याला कोणी पोलिसांत देत नाही. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्डला जी व्याख्याने दिली त्यांत तो म्हणतो, की नटाच्या तोंडचे वचन एका विशिष्ट अर्थी पोकळ असते. त्याने वचन दिले असे होत नाही. परवचा म्हणणारे पोर काही विधान करीत नसते. वेदपाठशाळेत गुरू एकदा म्हणतो आणि शिष्य दोनदा म्हणतो, ती संथा. त्यावेळी शिष्याला त्या ऋचेचा अर्थ मान्य आहे काय, असे विचारणे वेडेपणाचे होईल. मग माझी संथा तरी निराळी कशी?

या युक्तिवादाने माझी बुद्धी गप्प बसली, मन बसले नाही. तेव्हा मी योगसूत्रांवरचे व्यासभाष्य काढले. त्यात सत्याची जी चर्चा आहे, ती मला तरुणपणी किचकट वाटली होती. व्यासांचे म्हणणे असे, की वाणी असते ती आपल्या मनातला बोध दुसऱ्याच्या मनात उतरावा म्हणून. ती फसवी असू नये, भ्रांत असू नये, आणि वांझही असू नये. पहिली दोन पथ्ये कोणीही सांगेल. तिसरे विलक्षण आहे. बोलणे वांझ असेल, म्हणजे ते ऐकून कोणाच्या मनात काहीच उपजत नसेल, तर ते खोटे नसूनही सत्याच्या पंक्तीला बसत नाही! आणि अशा वांझ वाणीचे उदाहरण वाचस्पती मिश्रांनी कोणते द्यावे? आर्यांपुढे बोललेली म्लेंच्छभाषा.

मला वाटले, सापडले. चौपाटीवर समुद्राकडे तोंड करून म्लेंच्छभाषेत बोलणारा मी. माझी वाणी फसवी नाही, कारण फसायला कोणी नाही. ती वांझ आहे. एवढ्यावर मी समाधान मानणार होतो. पण दोन गोष्टी आड आल्या.

पहिली अशी. शेजारचा आठ वर्षांचा मुलगा एका संध्याकाळी गॅलरीत माझी उजळणी ऐकत उभा होता. तो म्हणाला, ‘आजोबा, एस्पोसा म्हणजे काय? तुम्ही एस्पोसा आहात का?’ त्याने ‘मी एस्पोसा’ हे आपल्या कानाने बरोबरच ऐकले होते. मी हसलो आणि सांगितले, अरे, त्याचा अर्थ, माझी बायको घरी आहे. हे वाक्य मराठीत तोंडातून बाहेर पडले आणि मी चरकलो. त्या मुलाने आत वाकून पाहिले. तो तिच्या हातचे लाडू खाल्लेला. तिला खाली नेताना जिन्यात उभा असलेला. तो म्हणाला, ‘फोटोत?’ मी हो म्हटले. शब्द तेच, अर्थ तोच. पण समोर एक मूल उभे होते आणि त्याला त्या वाक्याचे काहीतरी करावे लागले. माझे खोटे त्यानेच खरे करून घेतले.

दुसरी गोष्ट वाचस्पती मिश्रांच्या उदाहरणाविषयी. माझी पत्नी विहीणबाईंशी मराठीत बोलली, त्या तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोलल्या. दोघींच्या लेखी ती निखळ म्लेंच्छभाषा. ती वांझ होती काय? तिने कांदा चिरला, यांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. निघताना दोघी रडल्या. मला वाटते, एवढ्या थोर टीकाकाराचेही येथे चुकले. न कळण्याने बोलणे वांझ होत नाही. न कळल्यावर जो पुन्हा विचारील, तोंडाकडे पाहील, हातातली सुरी सोडील, असा कोणी समोर नसला म्हणजे ते वांझ होते. माझ्या कानातल्या आवाजाला मी न कळण्याचे दुःख नाही, कारण त्याला मी कळलेलोही नाही.

ग्रामोफोन कंपनीच्या तबकडीवरचा कुत्रा जुन्या वाचकांना आठवत असेल. तो ज्याचा आवाज ऐकतो आहे तो धनी मेलेला होता, अशी त्या चित्राची कथा सांगतात. आम्ही लहानपणी म्हणत असू, कुत्रा किती इमानी! आता वाटते, तो भुंकत का नाही? बहुधा भुंकून पाहिले असेल.

तथापि या आवाजाची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. त्याच्याइतका सोशीक शिक्षक मला जन्मात मिळाला नाही. शाळेत माझा ‘ळ’ चुकला म्हणून माझ्या हातावर छडी बसली होती. येथे मी एकच शब्द चाळीस वेळा चुकलो तरी त्याचा स्वर चढत नाही. एकलव्याच्या मातीच्या द्रोणाने कधी अंगठा मागितला नाही. मागितला तो जिवंत द्रोणाने. भित्र्या माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, जिभेवर परका शब्द ठेवून पाहण्यास अशी निर्भय जागा हवी असते. ती मला मिळाली. निर्भय अशासाठी, की तेथे मला कोणी ऐकत नव्हते. गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहेत, आणि एक काढून दुसरा ठेवता येत नाही.

आणि एक कबुली. प्रश्न विचारावयाचा, जरा थांबावयाचे, आणि समोरचा काही बोलो वा न बोलो, ठरलेले उत्तर आपणच द्यावयाचे, ही रीत मला इतकी लवकर अंगवळणी का पडली, याचा विचार करताना मला माझेच घर आठवले. ‘या सुट्टीत कोठे जाऊ या?’ असे मी दरवर्षी विचारी. ती पोळी लाटता लाटता वर पाही. मी म्हणे, ‘कोकणातच जाऊ, नाही का?’ बेचाळीस वर्षे. तिला काय म्हणावयाचे होते ते मला आज ठाऊक नाही. मी काही दुष्ट नवरा नव्हतो. मी थांबतही असे. पाच सेकंद तरी थांबत असेनच.

मुद्दा पुढे नेतो. स्पॅनिशमध्ये ‘असणे’ याला दोन क्रियापदे आहेत. एक माणूस काय आहे ते सांगते. दुसरे तो कोठे आहे, कसा आहे, ही स्थिती सांगते. दमलेला असणे, आजारी असणे, घरी असणे, हे दुसऱ्यात. शिकणाऱ्याला सोपे करून सांगतात, की कायमचे ते पहिले, तात्पुरते ते दुसरे. मी मुलाला विचारले, ‘मेलेला असणे’ कशात? तो म्हणाला, दुसऱ्यात. तेथे ती ‘एस्ता’च असते, घरी असल्यासारखी. वैयाकरण याचे कारण देतात, की ती एका घटनेने आलेली स्थिती आहे, आणि ते पटण्याजोगे आहे. पण ज्या भाषेत हे असे आहे, तिच्याशी माझे एकदम वैर राहिले नाही.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी मुलाला सांगितले, आज फोन त्यांच्याकडेच राहू दे. आपल्याकडे साडेसात वाजले होते. तिकडे दुपारचे तीन, नुकतीच जेवणे आटोपलेली. मी पाठ केलेले नमस्कार, कुशल वगैरे म्हटले. धड्यांत सारे एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. तो आपल्या ‘आपण’सारखा मानाचा शब्द, ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला. मीही ‘उस्तेद’ म्हटले. विहीणबाईंनी मान हलवली, बोट नाचवले, आणि ‘तू’ म्हणा असे सांगितले. त्यांचा हा शब्द आपल्या ‘तू’सारखाच ऐकू येतो आणि अर्थही तोच. मग त्या मला ‘तू’ म्हणू लागल्या. माझी पत्नी मला ‘अहो’ म्हणे. आई गेल्यापासून मला ‘तू’ म्हणणारे घरात कोणी उरले नव्हते.

त्यांनी विचारले, ‘कोमेस बिएन?’ मला कळले नाही. त्यांनी हात तोंडाशी नेऊन पुन्हा विचारले. तू नीट जेवतोस का? हा प्रश्न माझ्या धड्यांत नाही. तेथे माणसे उपाहारगृहात जेवतात आणि पैसे देतात. जेवलास का, असे कोणी कोणाला विचारीत नाही. मी उत्तर शोधू लागलो. पाच सेकंद गेले, आणखी गेले. बरोबर उत्तर कोणी सांगितले नाही. विहीणबाई तशाच माझ्याकडे पाहत थांबल्या होत्या.

मी म्हटले, ‘कोमो सोला.’ एकटी जेवते. मराठीत ‘जेवतो’ म्हणताच बोलणारा पुरुष ठरतो; तेथे क्रियापदात ते कळत नाही, विशेषणात कळते, आणि धड्यातल्या बाईच्या मागून म्हणता म्हणता मी अनेक विशेषणे बाईचीच उचलली होती.

त्या हसल्या नाहीत. ‘सोलो,’ असे त्यांनी हळू सुधारले. मी ‘सोलो’ म्हटले. मग त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘सोला.’

मागून मुलाचा आवाज आला, ‘बाबा, अडले का काही? मी बोलू?’ मी त्याला थांब म्हटले. आणि विहीणबाईंना विचारले, आज काय केले होते जेवायला. त्या बराच वेळ सांगत होत्या. त्यातले ‘पान’ आणि ‘पातातास’ एवढे मला कळले.